अक्कांना बेटावर काम मिळालं

मॉरिशसला जाऊन तिथल्या समुद्राला 'बिनकामाचा' म्हणणाऱ्या जगातल्या पहिल्या बाई म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. लोक त्या निळ्या पाण्यासमोर उभे राहून फोटो काढतात, आणाभाका घेतात, क्वचित कविताही करतात. बाईंनी पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी लेकीच्या बाल्कनीतून आम्हाला व्हिडिओ कॉल लावला, फोन समुद्राकडे वळवला आणि म्हणाल्या, "बघा सर. सकाळपासून ते असंच आहे. येतंय, जातंय. येतंय, जातंय. एक काम धड पुरं करत नाही."

त्यांना आम्ही अक्का म्हणतो. सगळी गल्लीच म्हणते. मी नोकरीपायी नाशिकहून म्हैसूरला आलो तेव्हा भाड्याचं घर शोधत त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो होतो. दार उघडल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. पुढे होऊन माझ्या नव्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळली, आत जाऊन ओला रुमाल आणला, माझ्या अंगावरच्या शर्टाचं टोक त्यात दाबलं आणि रुमाल माझ्या तोंडापुढे धरला. रुमाल निळा झाला होता. "रंग जातंय," त्या म्हणाल्या. "वरचं घर देते. शर्ट मात्र वेगळं धुवा." त्यांचे पूर्वज केव्हातरी महाराष्ट्रातून इकडे आलेले रंगारी, लुगडी रंगवायची, छापायची. तो धंदा आजोबांच्या वेळीच बसला. आता घराण्यातलं कुणी शिवणकामात, कुणी सरकारी नोकरीत, अक्कांचे यजमान जवळच्या कडकोळ गावातल्या एका कारखान्यात. रंगाची भांडी गेली, पण माणूस भेटला की आधी त्याचं कापड चोळून पाहायचं, ही सवय अक्कांच्या बोटांत उरली होती. लग्नकार्यात त्या नवऱ्यामुलाचा कोट चोळून पाहात, आणि मुलीकडचे लोक श्वास रोखून निकालाची वाट पाहात.

मी नाशिकचा आहे हे त्यांना मी पुष्कळदा सांगितलं. "तेच की. पुणे साइड," हे त्यांचं उत्तर. महाराष्ट्र म्हणजे पुणे आणि त्याच्या साइडा, असा त्यांचा भूगोल होता. माझ्या बायकोला त्या पहिल्या दिवसापासून 'पुट्टी' म्हणू लागल्या. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये चिमुरडी. माझी बायको तेव्हा पस्तिशी ओलांडून बसली होती. तिने हा शब्द इतक्या आनंदाने स्वीकारला की मी तिला नावाने हाक मारली तर तिला हल्ली रागावल्यासारखं वाटतं.

अक्कांचा एकच शत्रू होता आणि त्याचं नाव 'सुम्ने'. हा कन्नड शब्द मराठीत कसा आणावा मला कळत नाही. उगाच, नुसतं, काही कारण नसताना, असं सगळं मिळून सुम्ने होतं. "तो काय करतो?" "काही नाही, सुम्ने बसलाय." अक्कांच्या तोंडून एखाद्याबद्दल याहून वाईट काही मी ऐकलं नाही. रिकामा हात दिसला की त्यांच्या अंगावर काटा येई. म्हैसूरला थंडीत पावट्याच्या शेंगांचा हंगाम असतो. दाणे रात्रभर भिजवायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर उडवायचा, असं हे कलाकुसरीचं काम. त्या दिवसांत अक्कांच्या ओसरीवर दाण्यांचं घमेलं असे, आणि जो येईल त्याला बसावं लागे. गॅसवाला बसला आहे, कुरियरवाला बसला आहे. एकदा माझे साहेब घरी जेवायला आले. मी खाली त्यांना घ्यायला गेलो, तर साहेब कोटाच्या बाह्या सरसावून अक्कांच्या शेजारी घमेल्यापाशी. मला पाहून म्हणाले, "थांबा जरा, एवढे संपवून येतो." ऑफिसात त्यांनी कुठलीही गोष्ट इतक्या मन लावून संपवलेली मी पाहिलेली नव्हती.

नुसतं घटकाभराचं काम देऊन त्या थांबत नसत. लोकांना नोकऱ्याही लावत. समोरचे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर दिवसभर झोपाळ्यावर बसून छताकडे बघत. अक्कांनी त्यांना देवळाच्या प्रसादाच्या रांगेवर नेमलं. आता ते शनिवारी शिटी घेऊन उभे असतात आणि त्यांच्या बायकोचा संसार सुखाचा झालेला आहे. अक्का गूळ आणायला बसने जवळच्या बन्नूर गावाला जात, तर परत येताना त्या बसमध्ये भेटलेल्या एखाद्या बाईला देवराज मोहल्ल्यात आपल्या दिराच्या शिंप्याच्या दुकानात काजं-बटणांचं काम ठरवून येत. बाईला काम हवं होतं का, हा प्रश्न नंतरचा. बहुतेक वेळा हवंच असे. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ते कसं दिसतं, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.

आणि त्यांची मराठी! ती मराठी म्हैसूरच्या चार भिंतींत शंभरेक वर्षं एकटीच वाढली होती. तिच्यात अय्यो होतं, 'आणि मग'च्या जागी मत्ते होतं, 'नको'च्या जागी बेडा होतं. मुख्य म्हणजे तिच्यात निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. कन्नडमध्ये तो नसतोच. ते बस आलं, ते खुर्ची मोडलं, ते पंखा फिरत नाही. सुरुवातीला माझी बायको हळूच दुरुस्त करी, "ती खुर्ची, अक्का." अक्का खुर्चीकडे खालून वर नीट बघत आणि विचारत, "कशावरून?"

त्यांचे यजमान फार कमी बोलणारे. बाहेर कन्नड, कारखान्यात कन्नड, लेकीशीही बरंचसं कन्नड-इंग्रजी. मराठी म्हणून जी काय ती फक्त अक्कांशी. निवृत्त झाल्यावर थोड्याच काळात ते झोपेत गेले. अक्कांनी तेराव्यापर्यंत सगळ्यांना कामं वाटून दिली आणि चौदाव्या दिवशी पहिल्यांदाच त्या ओसरीवर नुसत्या बसलेल्या मला दिसल्या. मी घाबरलो. लेकही घाबरली. ती आणि तिचा नवरा, दोघंही मॉरिशसला नोकरीला. तिने आईला सोबत नेलं. घराची किल्ली आमच्याकडे आली, आणि मोगऱ्याला पाणी घालण्याचं काम अर्थातच माझ्याकडे.

तिथे लेक आणि जावई सकाळी बाहेर पडत ते संध्याकाळी येत. जावई कानडी, अतिशय भला माणूस. त्याने सासूबाईंसाठी बाल्कनीत आरामखुर्ची ठेवली, समुद्राकडे तोंड करून. अक्कांच्या दृष्टीने ती शिक्षेची जागा होती. आठवड्याभरात त्यांची लेकीच्या घरातली सगळी भांडी घासून झाली, पडदे धुऊन झाले, शेजारणीच्या पडद्यांचा रंग तपासून झाला. मग त्या काम शोधायला बाहेर पडल्या. लेकीने समजावलं, "अम्मा, इथे परदेशी माणसाला परवाना लागतो. असं कुणी काम देत नाही." अक्कांनी आम्हाला फोन करून तक्रार सांगितली. "कागद बघून काम देतात म्हणे. हात बघायला नको?"

पण त्या हिंडल्या. फ्रेंच येत नाही, तिथली क्रिओल येत नाही, इंग्रजी 'नो' आणि 'वाय नॉट' एवढं. शिंप्याच्या दुकानात गेल्या; मालकाने वय पाहून खुर्ची पुढे केली. बेकरीत गेल्या, त्यांनी पाव हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत. यामुळे तर त्या फारच दुखावल्या. "मी भिकारी दिसते काय सर?" असं विचारताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. लोकांना काम लावण्यात आयुष्य गेलेल्या बाईला, आपल्यालाच कुणी काम लावेना, हे नवं होतं. बसमधून येताजाता दुतर्फा उसाचे मळे लागत. "बन्नूरच आहे हो अगदी," त्या म्हणाल्या. "फक्त बन्नूरला मला सगळे ओळखतात."

मग हॉटेलचं प्रकरण घडलं. एका मोठ्या हॉटेलात त्या स्वयंपाकघरात काही मिळेल म्हणून लेकीला घेऊन गेल्या. मॅनेजरने विचारलं, कुठून आलात. अक्का म्हणाल्या, मैसूर. हे ऐकताच तो उठून उभाच राहिला. मैसूर म्हणजे योगा! अक्कांनी दोन्ही गुडघ्यांवर हात मारून दाखवलं की हे वाकत नाहीत. त्याने सांगितलं, वाकायची गरज नाही. सकाळी हिरवळीवर रेशमी साडी नेसून, डोळे मिटून बसा. पाहुणे तुमच्यासमोर बसतील. परवान्याचं आम्ही बघतो. लेकीने हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा अक्कांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग त्या जागच्या उठल्या.

"सुम्ने बसायचं पगार देतो म्हणाला!" फोनवर त्यांचा संताप मावत नव्हता. "पुट्टी, सांग, हे काय बोलणं झालं? मी म्हटलं, बेडा. तू बस."

माझी बायको हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. पण फोन ठेवल्यावर म्हणाली, "आता त्या परत येतील बघ." मलाही तसंच वाटलं. मी मोगऱ्याला जरा जास्त पाणी घालू लागलो.

काम मिळालं ते भेंडीमुळे. भाजीबाजारात अक्का एका टोपलीपुढे उभ्या राहून स्वतःशीच पुटपुटल्या, "अय्यो, ते भेंडी सगळं सुकून गेलंय की." शेजारी एक वयस्क बाई उभ्या होत्या. निवृत्त नर्स, तिकडच्याच, पाच-सहा पिढ्यांच्या मॉरिशसकर. त्यांचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले. त्या बाई गर्रकन वळल्या आणि अक्कांचा दंड धरला. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "माझी आजी... असं बोलायची."

तिथे मराठी माणसं पुष्कळ आहेत. शाळेत मराठी शिकतात, आरत्या तोंडपाठ म्हणतात, गणपती थाटात बसवतात. पण घरात क्रिओल. नर्सबाईंनी अक्कांना आपल्या मंडळात नेलं तेव्हा अक्कांच्या जे ध्यानात आलं ते त्यांनी आम्हाला असं सांगितलं, "देवाशी बोलतात मराठीत. छान बोलतात. पण भेंडी घ्यायला येत नाही, भांडायला येत नाही." मंडळाला हेच खटकत होतं. त्यांना बोलायला शिकवणारं कुणीतरी हवं होतं. समितीने अक्कांना मुलाखतीला बोलावलं.

"तुमचं शिक्षण?"

"एसएसएलसी, म्हणजे दहावी. कन्नड मीडियम."

"मराठी पुस्तकं कोणती वाचलीत?"

"एक पण नाही."

"मग मराठी शिकवणार कसं?"

"आमच्या घरात पण कुणी शिकवलं नाही हो," अक्का म्हणाल्या. "बोलायचे. ऐकून ऐकून आलं."

समितीतली मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. नर्सबाईंनी टेबलावर हात आपटला म्हणे. बऱ्याच खटपटींनंतर परवान्याचे कागद झाले, आणि वयाच्या साठीला अक्का एका बेटावर नोकरीला लागल्या. ती बातमी सांगताना त्या बोलायच्या थांबेनात, आणि आम्ही फोन मधे ठेवून दोघं दोन बाजूंनी ऐकत बसलो.

वर्ग म्हणजे काय, तर अक्कांची ओसरीच. कुणी रिकाम्या हाताने बसायचं नाही. भाजी निवडायची, लसूण सोलायचा आणि बोलायचं. तासाला विषय असे: आज भाजीवाल्याशी घासाघीस, आज रुसलेल्या नणंदेची समजूत, आज शेजाऱ्याशी भांडण. एका बँकेतल्या अधिकाऱ्याला भाजीवाला केलं होतं. गृहस्थ टाय लावून आलेले, वाक्य जुळवता जुळवता घामाघूम. अक्का त्यांच्या भाजीला नावं ठेवत सुटल्या. भेंडी जून आहे, वांगं किडकं आहे, तुमच्या तोंडासारखं दुधी आहे. "रागवा!" मधेच त्या ओरडत. "राग आला की आपसूक येतंय." शेवटी त्या गृहस्थांनी टोपली दोन्ही हातांनी कवटाळली आणि ओरडले, "नाही देत, जा!" सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्यांत मराठीत ओरडलेले ते पहिलेच. घरी जाऊन त्यांनी हे आईला सांगितलं, तर ती माउली रडली म्हणे.

वर्ष बरं गेलं. मग मंडळाच्या समारंभाला महाराष्ट्रातून एक भाषेचे जाणकार पाहुणे म्हणून आले. सज्जन गृहस्थ. व्यासपीठावर बसायला गेले, तर अक्कांच्या वर्गातल्या एक यजमानीणबाई धावत आल्या, "अय्यो, त्यावर बसू बेडा, ते खुर्ची मोडलंय!" पाहुणे अर्धवट वाकलेल्या अवस्थेतच थांबले. भाषणात त्यांनी उत्साहाचं कौतुक केलं. पुढे अगदी मवाळपणे म्हणाले की, पण इतक्या दूर जपायची ती भाषा निदान मराठी असावी. समितीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी अक्कांना सांगण्यात आलं की शुद्ध शिकवा, नाहीतर पुढच्या वर्षी परवान्याचं पाहावं लागेल.

अक्कांनी वाद घातला नाही. दुपारी फोन केला आणि म्हणाल्या, "पुट्टी, तुमचं मराठी शिकव मला."

माझी बायको मराठी घेऊन बी.ए. झालेली. रोज दुपारी तास सुरू झाला. दार ते, खिडकी ती, उंबरठा तो.

"एका भिंतीत तीन तऱ्हा?" अक्का विचारत.

"असतात अक्का."

"का?"

"असंच असतं."

अक्का मुकाट पाठ करत. मी आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसून हे ऐकत असे, आणि दिवसेंदिवस मला चमत्कारिक वाटू लागलं. अक्का बोलताना थांबायला लागल्या होत्या. खुर्ची म्हणायच्या आधी थांबत, पिशवी म्हणायच्या आधी थांबत, जणू काही प्रत्येक वस्तूसमोर चपला काढून उभं राहावं लागत होतं. त्यांचं बोलणं बिनचूक होत गेलं आणि त्यात सांगण्यासारखं काही उरेना. समुद्राबद्दलसुद्धा त्या काही वाईट बोलेनात. एका दुपारी धडा अर्ध्यावर टाकून त्या म्हणाल्या, "पुट्टी, वर्गात आता सगळे बरोबर बोलतात. पण कोण बोलतच नाही."

बायकोने पुस्तक मिटलं. "अक्का," ती म्हणाली, "मला वाटतं आपण हे थांबवू या."

"हौदा? खरं?"

"हो. मला यातलं काही येत नाही. का ते तर मुळीच सांगता येत नाही."

मग अक्का नाक शिंकरून म्हणाल्या, "आयतु. झालं तर. मी बघते."

त्या समितीपुढे गेल्या. म्हणाल्या, व्याकरण पाहिजे, खरंच पाहिजे. मला येत नाही. त्याला वेगळं मास्तर आणा. भांडणं माझ्याकडे राहू देत. तेवढ्यात नर्सबाई उभ्या राहिल्या. एरवी सभेत त्या फ्रेंचमध्ये बोलत. त्या दिवशी मराठीत बोलल्या. पुष्कळ चुका करत, पण न थांबता. त्या काय बोलल्या ते अक्कांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. "खूप काय काय बोलली," एवढंच, आणि पदराने चष्मा पुसला. शेवटी शाळेतले एक मराठीचे मास्तर शनिवारी व्याकरण शिकवतील आणि रविवारी अक्का, असं ठरलं. मास्तर रविवारीही येऊन मागच्या बाकावर लसूण सोलत बसतात, असं कळतं.

या संक्रांतीला अक्का थोड्या दिवसांसाठी म्हैसूरला आल्या. आम्हाला वाटलं, आता राहतील. त्यांनी दोन दिवसांत घर झाडून काढलं, माझ्या मोगऱ्यावर टीका केली, माझ्या साहेबांची चौकशी केली. पण रोज संध्याकाळी त्यांचा फोन वाजे, आणि त्या पलीकडच्या कुणाला तरी रागावत असत. एकदा मी ऑफिसातून आलो तर त्या पायरीवर बसल्या होत्या. मीही बसलो. म्हटलं, "अक्का, या वयात तिकडे परमुलखात, एकटं वाटत नाही?"

त्यांनी हातातला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "सर, आमचे हे गेले तेव्हा मला एकच वाटलं. लेक इंग्लिश बोलते, जावई कन्नड. दीर-जाऊ आता कन्नडच. तुम्ही बोलता ते पुणे साइडचं. आमच्या घरातलं हे बोलणं, हे वेडंवाकडं, ते दोघंच बोलायचो आम्ही. मला वाटलं, आता हे कोणाशी बोलू? माझ्याबरोबर जाणार ते." त्यांनी पायरीवरचं एक वाळकं पान उचलून बाजूला टाकलं. "आता तिथे वीसेक लोक बोलतात. माझ्यासारखंच बोलतात. चूक आहे, मला माहीत आहे. पण परवा कोण तरी मागून हाक मारलं, आणि मला वाटलं आमचे हेच."

रस्त्यावरून फुलवाला ओरडत गेला. अक्कांनी उठून त्याला थांबवलं, शेवंती घेतली आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी पहाटे त्यांची गाडी आली. बेंगळुरूच्या रस्त्याला वळेपर्यंत आम्ही फाटकात उभे होतो. मग वर आलो. बायकोने चहा ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आठवतं," ती म्हणाली, "दुपारी खालून अक्कांचं आणि त्यांच्या यजमानांचं बोलणं यायचं?"

मला आठवत होतं. सुटीच्या दिवशी जेवणाच्या वेळी यायचं. एक आवाज सारखा, दुसरा मधूनच, एखाद्या शब्दापुरता. शब्द काही कळायचे नाहीत. जेवण आटोपेपर्यंत नुसतं येत राहायचं.